अभ्यासिकेतला उजेड : आधी हिशेब, मग वायरिंग

अभ्यासिका सुरू करणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "किती वॅटचे दिवे लावू?" वॅटवरून विजेच्या बिलाचा अंदाज येतो. दिव्यातून निघणारा उजेड मात्र लुमेनमध्ये मोजतात आणि टेबलावर पडलेला लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. आयएस ३६४६ या भारतीय मानकात वाचनाच्या टेबलांसाठी २०० ते ५०० लक्स सांगितले आहेत. मुलं दहा-बारा तास बसणार असतील तर आम्ही ३०० च्या खाली उतरत नाही.

समजा, खोली १० बाय ६ मीटर आहे. ३०० लक्ससाठी टेबलांच्या पातळीवर १८,००० लुमेन पोहोचायला हवेत. भिंती पांढऱ्या असतील तर दिव्यांचा साधारण ६० टक्के उजेड खाली येतो. पुढे धूळ बसते, दिवे जुने होतात, म्हणून त्याचेही ८० टक्केच धरायचे. म्हणजे ३७,५०० लुमेन लागले. २,००० लुमेनच्या १९ एलईडी ट्यूब. भिंती गडद रंगवल्या आणि ६० टक्क्यांऐवजी ४५ टक्केच उजेड खाली आला, तर त्याच खोलीला २५ ट्यूब लागतात. म्हणून रंग आधी ठरवा, ही आमची कळकळीची विनंती.

एवढा हिशेब कागदावरही होतो, पण त्यातून फक्त सरासरी कळते. कोपऱ्यातल्या टेबलावर किती लक्स, पार्टिशनची सावली वहीवर कुठपर्यंत येते, समोरचा दिवा डोळ्यांत खुपेल का, हे बघायला आम्ही डायलक्स हे जर्मन सॉफ्टवेअर वापरतो. त्यात खोली जशीच्या तशी उभी करायची आणि दिव्याच्या कंपनीने दिलेली आयईएस फाइल टाकायची. दिवा कोणत्या दिशेला किती उजेड फेकतो, ते त्या फाइलमध्ये असतं. ज्या दिव्याची अशी फाइल मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी आम्ही आराखड्यात घेत नाही.

आम्हाला छताची आणि पार्टिशनची उंची, टेबलांची मांडणी आणि पंख्यांच्या जागा कळवा. पंख्याच्या पात्यांवर दिवा आला की पुस्तकावर सावली भिरभिरत राहते. हिशेबात ती दिसत नाही, वाचणाऱ्याला मात्र दिवसभर छळते.

काम झाल्यावर अंधार पडला की आम्ही लक्समीटर घेऊन येतो आणि तुमच्यासमोर टेबलं मोजतो. नव्या दिव्यांत सरासरी ३७५ च्या आसपास यायला हवी, कारण धुळीसाठी सोडलेली तूट अजून पडलेली नसते.