खोल समुद्रातला लालभडक रंग खरं तर लपायला असतो

खोल समुद्रातल्या कोळंब्या, जेलीफिश वगैरेंचे फोटो बघितलेत का कधी? कितीतरी जीव लालभडक असतात, आणि मनात येतंच की एवढा भडक रंग घेऊन हे शिकाऱ्यापासून लपतात तरी कसे. पण तो लाल आपल्याला दिसतो कारण कॅमेऱ्याचा पांढरा लाइट त्यांच्यावर पडलेला असतो! पाणी सूर्यप्रकाशातला लाल भाग सगळ्यात आधी शोषून घेतं, 200 मीटरच्या खाली फक्त अंधुक निळा उजेड उरतो, आणि परत फिरवायला लाल प्रकाशच नाही म्हटल्यावर लाल अंग काळंच दिसणार. तिथले जीव स्वतःचा उजेड पाडतात तोही बहुतेक निळाच असतो, म्हणजे तिथेही लाल जीव सहीसलामत सुटतो.

पण मॅलाकोस्टियस नावाचा एक मासा आहे, त्याच्यापुढे ही युक्ती चालत नाही. या माशाच्या जबड्याला तळच नसतो, नुसती हाडांची चौकट आणि दात, आणि डोळ्याखाली लाल प्रकाश टाकणारा अवयव. आजूबाजूच्या बहुतेकांना लाल दिसतच नाही, त्यामुळे आपल्यावर टॉर्च मारलाय हे भक्ष्याला कळतही नाही. बरं, याला स्वतःला तो लाल दिसतो कसा? 1998 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याच्या डोळ्यात हरितद्रव्यापासून बनलेला पदार्थ असतो, तोच लाल प्रकाश पकडतो. हरितद्रव्य म्हणजे पानांना हिरवं करणारं तेच, आणि प्राण्याला ते बनवता येत नाही, म्हणजे खाण्यातूनच आलेलं असणार. किती अफाट आहे हे!

वर पृष्ठभागावर ग्लॉकस नावाची जेमतेम 3 सेंटीमीटरची निळी समुद्री गोगलगाय पोटात हवेचा बुडबुडा धरून उलटी तरंगते. तिचं निळं पोट आकाशाकडे आणि चंदेरी पाठ खाली, त्यामुळे वरून पाण्यात मिसळते, खालून उजेडात. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर नावाचा जेलीफिशसारखा विषारी जीव खाऊन त्याचे डंख स्वतःच्या अंगात साठवून वापरते ते वेगळंच.

मला सगळ्यात जास्त छळतो तो कटलफिश, म्हणजे ऑक्टोपसचा नातेवाईक. क्षणात अंगाचे रंग बदलून आसपासच्या वाळूत, दगडात मिसळून जातो, पण डोळ्यात प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं, म्हणजे आपल्या हिशेबाने चक्क रंगांधळा! काही शास्त्रज्ञांना वाटतं की त्याच्या डोळ्याची इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराची बाहुली वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस करते आणि त्यावरून तो रंग ओळखतो, पण हे अजून सिद्ध झालेलं नाही.