टँगवरची अक्षरं

जुना खिशातला चाकू हातात आला, की सराईत संग्राहक आधी धार बघत नाही. पातं उघडतो आणि ते मुठीत शिरतं तिथे भिंग धरतो. पात्याच्या या बिनधारेच्या बुंध्याला टँग म्हणतात. तिथे ठोकलेल्या दोन-चार शब्दांवरून चाकूचं वय काढतात आणि पुष्कळदा किंमतही त्यावरच ठरते. गंमत म्हणजे ही अक्षरं हौशी लोकांसाठी कुणी ठोकली नव्हती. नकलांची भीती आणि जकातीची कटकट यांपायी ती तिथे आली.

मिटणारा चाकू रोमन काळातही होता. पण पातं उघडल्यावर ताठ राहावं आणि खिशात असताना आपसूक उघडू नये, यासाठी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवायची युक्ती १७ व्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांच्या हाती चांगली रुळली. इंग्रजीतलं ‘पेननाइफ’ हे नाव पिसाची लेखणी तासण्यावरून पडलं. आपल्याकडे बोरू तासायच्या चाकूला कलमतराश म्हणत. काम तेच.

शेफिल्डला पाणचक्क्या फिरवणाऱ्या नद्या होत्या आणि धारेच्या चाकांसाठी लागणारा खरखरीत दगड आसपासच्या डोंगरांत मिळायचा. १६२४ साली संसदेच्या कायद्याने तिथे ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ स्थापन झाली. चाकू-कात्र्या घडवणाऱ्या प्रत्येक उस्तादाने आपली खूण या संस्थेकडे नोंदवायची आणि दुसऱ्याने ती वापरायची नाही, असा दंडक. पुढे जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने जगभर गाजवलेली चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही जोडखूण १६८२ मध्ये नोंदवलेली आहे. १८२२ साली रॉजर्सना राजघराण्याचे चाकूवाले म्हणून मान मिळाला आणि पात्यावर मुकुट आला. ‘व्ही’ आणि ‘आर’ या दोन अक्षरांमध्ये मुकुट दिसला, तर तो शिक्का राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. याच पेढीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा ‘नॉरफोक नाइफ’ घडवला. खिशात मावणं सोडाच, तो टेबलावर ठेवूनच बघावा लागतो. कारागिरीचा नमुना म्हणून थोर, पण चाकू म्हणून मला त्याचं फारसं कौतुक नाही.

पोलादाची गोष्ट याहून रंजक आहे. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून १७४० च्या दशकात त्याने मुशीत वितळवलेलं पोलाद तयार केलं. शेफिल्डच्या चाकूवाल्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, कारण ते घडवायला फार कडक. मग हंट्समनने ते फ्रान्सला विकलं. तिकडचे चाकू सरस ठरू लागल्यावर शेफिल्डकर जागे झाले. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने याच शहरात न गंजणारं पोलाद बनवलं. त्याआधीची पाती आपल्या जुन्या विळीसारखी, कांदा-लिंबाने काळवंडणारी. अशा पात्यावर चढलेली करडी झाक संग्राहक जिवापाड जपतो. उत्साहाच्या भरात कुणी पॉलिश पेपर फिरवला, की किंमत तिथेच पडते.

बडी नावं पात्यावर असली तरी पुष्कळसं काम ‘लिटल मेस्टर’ म्हणवणाऱ्या छोट्या उस्तादांकडे होई. एखाद-दुसरी खोली भाड्याने घ्यायची, दोन-चार माणसं हाताशी ठेवायची आणि नगावर मजुरी घ्यायची. घडवणारा एक, धार लावणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा. धार लावणारे दगडाच्या धुळीने छाती भरून अकाली मरत. त्यांची नावं कुठल्याच टँगवर नाहीत. या परंपरेतले स्टॅन शॉ २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी वारले.

मुठीत आपलाही वाटा आहे. ‘स्टॅग’ म्हणून जी खडबडीत, तपकिरी-पांढरी मूठ मिरवते, ती बऱ्याचदा हिंदुस्थानातल्या सांबराच्या शिंगाची. भरीव आणि टणक असल्याने या शिंगाला परदेशात मोठी मागणी होती. आजीच्या बटव्यात उगाळायला असायचं तेच सांबरशिंग. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढची निर्यातबंदी यांमुळे हा पुरवठा आटला आणि जुन्या स्टॅग मुठींचा भाव चढला. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या रंगीत मुठी दिसायला देखण्या, पण जुन्या झाल्या की विरतात आणि त्यांतून सुटणाऱ्या वायूने शेजारचं पातंही गंजतं. त्या वेगळ्याच ठेवलेल्या बऱ्या.

आता जकात आणि नकला. १९ व्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनहून येणाऱ्या मालावर शेफिल्डची नावं ठोकलेली सापडू लागली. शेफिल्डच्या तक्रारींनी जोर धरला आणि १८८७ मध्ये ब्रिटनने मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. १८८९ मध्ये हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. या कायद्यापायी मालावर आलेले ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द जर्मन मालाला लाजवण्यासाठी होते. झोलिंगेनच्या मालाने त्यांनाच प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यापाठोपाठ अमेरिकेचा १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा आला. त्याने खिशातल्या चाकूंवर जबर कर लावला आणि मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. शेफिल्डचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं. संग्राहकाच्या हाती मात्र एक सोपी खूण लागली: टँगवर ‘इंग्लंड’ असेल, तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. नसेल तर तो जुनाच, असं मात्र नाही. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नाव नंतरही नेहमी नसे.

शेफिल्ड मागे पडल्यावर अमेरिकी पेढ्या वर आल्या. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने १९६५ मध्ये शिक्क्यात ‘यू.एस.ए.’ घातलं. १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी करत आणला. १९७९ च्या चाकूवर एकच ठिपका. तिकडच्या संग्राहकांचं हे पंचांगच झालं.

पंचांग आलं तसे ते खोटं करणारेही आले. जुना शिक्का घासून त्या जागी मोलाचा शिक्का ठोकायचा, हा त्यांचा धंदा. पण घासलेल्या जागी टँग पातळ होतो आणि पातं ढिलं पडतं. म्हणून जाणकार अक्षरं वाचून झाल्यावर पातं अर्धं उघडतात आणि अंगठ्याने डावी-उजवीकडे हलकेच दाबून बघतात.