स्क्रू बसले म्हणजे मणके जुळले का?

उंचावरून पडून कंबरेचा मणका मोडला, ऑपरेशन झालं, स्क्रू आणि रॉड बसले. मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला घरचे सांगतात, "मणके जोडलेत, आता काळजी नाही." एक्स-रेवर धातू पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. स्क्रू-रॉडने मणके जागच्या जागी धरून ठेवणं म्हणजे फिक्सेशन. दोन मणक्यांच्या मध्ये नवं हाड धरून ते कायमचे एक होणं म्हणजे फ्यूजन. पहिलं काम सर्जन काही तासांत पुरं करतो. दुसरं रुग्णाच्या शरीराला करावं लागतं. त्याला साधारण सहा महिने ते वर्षभर लागतं आणि कधीकधी ते होतही नाही.

या दोन गोष्टी जन्मल्याही वेगवेगळ्या. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेड आल्बी आणि रसेल हिब्ज या सर्जननी क्षयाने पोखरलेल्या मणक्यांचं फ्यूजन केलं, तेव्हा आजच्यासारखे स्क्रू-रॉड नव्हतेच. हाडाला हाड लावायचं आणि ते धरेपर्यंत रुग्णाला महिनोन्महिने झोपवून ठेवायचं. मणक्याच्या मागच्या बाजूने, पेडिकल नावाच्या अरुंद हाडातून स्क्रू घालण्याची पद्धत पॅरिसचे सर्जन रॉय-कामिय यांनी १९६० च्या दशकात सुरू केली.

आता बळाचा हिशोब पाहू. छातीच्या मणक्यांना बरगड्यांचा आधार असतो, कंबरेचे मणके मात्र मोकळे हलतात. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथेच मार जास्त बसतो, म्हणून पहिला कंबरेचा मणका, म्हणजे एल-वन, वारंवार मोडतो. टाचांवर किंवा बुडावर जोरात आपटलं की त्याचा पुढचा जाड भाग चिरडून तुकडे चहूकडे सरकतात. याला बर्स्ट फ्रॅक्चर म्हणतात. उभं असताना कण्यावरचा सुमारे ८० टक्के भार याच पुढच्या भागातून खाली जातो, आणि स्क्रू-रॉड तर मागे बसवलेले असतात. पुढचा भाग पोकळ झाला की तो भार रॉडवर येतो. शिवाय धडाचं वजन कण्याच्या पुढे असल्यामुळे जरा वाकलं तरी स्क्रूवर वाकवणारा ताण पडतो. चालताना, खुर्चीतून उठताना, शिंकतानाही. एका ताणाने स्क्रू तुटत नाही. तेच बळ लाखो वेळा पडलं की धातू थकतो, आणि बहुधा स्क्रू हाडात शिरतो त्या जागेच्या आसपासच मोडतो. हाड ठिसूळ असेल तर धातू शाबूत राहतो, पण स्क्रू हाडातच सैल होतो. एक्स-रेवर त्याच्याभोवती बारीक काळी कड दिसते.

म्हणूनच १९९४ मध्ये मॅककॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्चरला गुण देण्याची पद्धत मांडली: मणका किती चिरडला, तुकडे किती दूर गेले आणि कण्याचा बाक किती सरळ करावा लागला. ९ पैकी ७ किंवा जास्त गुण आले, तर वरच्या-खालच्या एकेका मणक्यात मागून घातलेले स्क्रू पुरणार नाहीत, पुढूनही आधार द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आज काही जण मोडलेल्या मणक्यातही स्क्रू घालतात किंवा आणखी मणके पकडीत घेतात.

फिक्सेशनची ताकद पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि पुढे घटत जाते. फ्यूजनची पहिल्या दिवशी शून्य असते आणि हळूहळू वाढते. स्लॅब पक्का होईपर्यंत सेंटरिंगने जे करायचं, ते काम इथे धातू करतो. हाड धरलंच नाही, तर जाडजूड रॉडही कधीतरी दगा देतो. म्हणून फ्यूजन ठरलं असेल तर सिगारेट बंद करा, हे डॉक्टरांचं बोलणं अजिबात हलक्यात घेऊ नका. धूम्रपानाने हाड न जुळण्याचा धोका वाढतो.

मग प्रत्येकाचं फ्यूजन का करत नाहीत? कारण त्याची किंमत मोठी आहे. दोन मणक्यांमधली हालचाल कायमची जाते आणि तिची भरपाई वरच्या-खालच्या गाद्यांना करावी लागते. काही बर्स्ट फ्रॅक्चरमध्ये मोडलेला मणका स्वतःच जुळतो. धातूने त्याला तेवढा वेळ सरळ धरून ठेवलं की झालं. अशा वेळी ग्राफ्ट, म्हणजे फ्यूजनसाठीचं हाड, न लावता नुसतं फिक्सेशन करतात, आणि हाड जुळल्यावर, बहुधा वर्षभराच्या आसपास, स्क्रू काढता येतात. तरुण रुग्णासाठी हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो, कारण थोडीफार हालचाल परत मिळू शकते. फ्यूजन झालेल्या रुग्णात मात्र धातू त्रास देत नसेल तर सहसा आतच ठेवतात.

तेव्हा डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. नुसतं 'पोस्टेरिअर इन्स्ट्रुमेंटेशन' (मागून बसवलेले स्क्रू-रॉड) किंवा 'फिक्सेशन' लिहिलं असेल, तर स्क्रू पुढे काढायचे का आणि केव्हा, ते विचारा. 'फ्यूजन' किंवा 'बोन ग्राफ्ट' लिहिलं असेल, तर हाड खरंच धरलं का, हे विचारा. साध्या एक्स-रेवर ते नेहमी कळत नाही. शंका असेल तर सीटी स्कॅनमध्ये मणक्यांमधला हाडाचा सलग पूल शोधावा लागतो.