वेबकॅम : जोडणी व वापर

वेबकॅम : संगणकाला जोडलेला किंवा लॅपटॉपच्या पडद्याच्या चौकटीतच बसवलेला, टिपलेले चित्र थेट संगणकाकडे पाठवणारा छोटा कॅमेरा. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत भांड्यात कॉफी उरली आहे का, हे जागेवरून न उठता कळावे म्हणून १९९१ मध्ये लावलेला कॅमेरा हा याचा पूर्वज. १९९३ मध्ये त्याचे चित्र वेबवर दिसू लागले आणि २००१ मध्ये तो बंद झाला. १९९४ मध्ये बाजारात आलेला कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम ३२० × २४० बिंदूंचे कृष्णधवल चित्र देत असे. २००३ मध्ये यूएसबी व्हिडिओ क्लास (यूव्हीसी) हे मानक आले. ते पाळणाऱ्या वेबकॅमला वेगळा ड्रायव्हर (संगणकाला कॅमेरा चालवायला शिकवणारी प्रणाली) लागत नाही. खोक्यात सीडी आली, तरी बहुधा तिचे काम पडत नाही.

जोडणी : डेस्कटॉपला वेबकॅम मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावावा. पुढच्या पोर्टची आतली वायर आणि स्वतंत्र वीजपुरवठा नसलेला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी पेटी), या दोहोंमुळे चित्र अडखळते किंवा कॅमेरा मध्येच गायब होतो. यूएसबी २.० ची साधी केबल एक्स्टेन्शनसकट ५ मीटरपुढे नेऊ नये.

चित्र तुटक दिसले, की दोष इंटरनेटला दिला जातो. पण अनेकदा खोट फॉरमॅटच्या निवडीत असते. १९२० × १०८० चे कच्चे, म्हणजे न आकसलेले (वाययूवाय२) चित्र सेकंदाला ३० फ्रेम पाठवायचे, तर सुमारे ९९५ मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट. म्हणून ओबीएससारख्या (चित्रण व थेट प्रक्षेपणाच्या) प्रणालीत एमजेपेग हा प्रत्येक फ्रेम आकसून पाठवणारा फॉरमॅट निवडावा, नाहीतर सेकंदाला जेमतेम पाच फ्रेम येतात.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ‘कॅमेरा’ची परवानगी सुरू करावी लागते. ब्राउझरची परवानगी वेगळी असते. ती पत्त्याच्या पट्टीतील चिन्हावर क्लिक करून द्यावी. बिघाड शोधताना ‘कॅमेरा सापडत नाही’ आणि ‘कॅमेरा आहे, पण पडदा काळा’ या दोन तक्रारी वेगळ्या धराव्यात. पहिलीत केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपवरची कॅमेरा बंद करणारी कळ तपासावी. काही लॅपटॉपमध्ये ही कळ दाबली, की कॅमेरा यंत्रांच्या यादीतूनच नाहीसा होतो. दुसरीत भिंगावरची सरकती झडप लागलेली असते, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या अ‍ॅपने कॅमेरा धरून ठेवलेला असतो.

उजेड : महागडा कॅमेरा घेण्याआधी बसायची जागा बदलून पाहावी. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये टेबलाला जागा एकच आणि खिडकीही एकच, त्यामुळे खिडकी हमखास पाठीमागे येते. मग कॅमेरा खिडकीच्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा ते) ठरवतो आणि चेहरा काळवंडतो. खिडकीकडे तोंड करून बसावे. ते जमत नसेल, तर पडदा ओढून समोर दिवा ठेवावा. ट्यूबलाइट पंख्याच्या पात्यांच्या वर असेल, तर पात्यांची सावली चेहऱ्यावर फिरत राहते. यावर कुठलेही सेटिंग नाही, दिवा बदलावा किंवा पंखा बंद करावा.

चित्रातून आडवे पट्टे सरकत असतील, तर कारण विजेत असते. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा चोक लावलेली ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंदावते. कॅमेरा ६० हर्ट्झवर ठेवलेला असला, तर शटर १/६० किंवा १/१२० सेकंदाचे होते आणि त्या लयीशी जुळत नाही. ओबीएसमध्ये ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ उघडून ‘पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी’ ५० करावी. शटर १/५० किंवा १/१०० वर येते आणि पट्टे जातात. उजेड कमी पडला, की काही कॅमेरे फ्रेम ३० वरून १५ वर आणतात आणि हलता हात फरफटल्यासारखा दिसतो. ओबीएसच्या त्याच ‘कॉन्फिगर व्हिडिओ’तला ‘लो लाइट कॉम्पेन्सेशन’ बंद केला, तर वेग परत येतो. चित्र मात्र काळोखे होते.

भिंग डोळ्यांच्या रेषेत आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असावे. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवली तरी पुरते. आपल्याला आपले चित्र आरशासारखे उलटे दिसते. समोरच्याला बहुधा सुलटच दिसते, त्यामुळे वही दाखवताना अक्षरे उलटी दिसली तरी गडबडू नये.

खरेदी आणि निगा : मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरच्या (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) संगणक-बाजारात वेबकॅम दुकानातच लॅपटॉपला लावून बघता येईल का, ते विचारावे. खोक्यावरच्या मेगापिक्सेलवर जाऊ नये; स्वस्त मालात तो आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असू शकतो. स्टँडवर बसवायचा असेल, तर तळाशी पाव इंची आटे आहेत का पाहावे.

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेल्या भिंगावर वाफ धरते. ती पुसू नये, दहा-पंधरा मिनिटांत आपोआप जाते. वापरात नसलेला कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावा, नाहीतर बुरशी धरते. काच पुसण्याचा स्प्रे थेट भिंगावर मारू नये, मायक्रोफायबर कापड पुरते. लॅपटॉपच्या भिंगावर जाड झाकण चिकटवून पडदा मिटू नये. काच तडकू शकते. तसा इशारा अ‍ॅपलनेही मॅकबुकबद्दल दिलेला आहे. झाकायचेच असेल, तर कागदाची पातळ चिकटपट्टी लावावी आणि पडदा मिटण्याआधी काढावी.