एलेन बुले

एलेन बुले (१५९८–२० डिसेंबर १६५४) : फ्रेंच समन्वेषक आणि कॅनडातील क्वेबेकचा संस्थापक साम्युएल द शांप्लँ याची पत्नी. जन्म पॅरिसमधील प्रॉटेस्टंट कुटुंबात. वडील निकोला बुले राजाच्या खासगी दालनाचे सचिव होते.

३० डिसेंबर १६१० रोजी पॅरिसमध्ये लग्न झाले तेव्हा एलेन १२ वर्षांची होती आणि शांप्लँ चाळिशीच्या आसपासचा. तिच्या वयामुळे दोन वर्षे दोघांनी एकत्र राहू नये, अशी अट करारनाम्यातच होती. हुंडा ६,००० लिव्र (तत्कालीन फ्रेंच चलन) ठरला. त्यातले ४,५०० लगेच शांप्लँच्या हाती पडले. दरबाराशी जोडलेले सासर आणि रोख रक्कम, मोहिमांसाठी त्याला दोन्ही हवे होते. पुढच्याच वर्षी माँट्रिऑलजवळच्या एका बेटाला त्याने सेंट हेलेनचे (फ्रेंच उच्चार एलेन) नाव दिले. ते पत्नीवरून दिले, असे मानतात.

एलेनला हा संसार रुचला नाही. ती पळून गेली आणि जानेवारी १६१४ मध्ये आईवडिलांनी तिला वारसाहक्कातून काढून टाकले. त्या कोवळ्या मुलीचा नकार आपल्याला कळतो तो अशा कायदेशीर कागदांमुळे. शांप्लँच्या विस्तृत प्रवासवर्णनांत ती जवळजवळ नाहीच. पुढे ती पतीकडे परतली व कॅथलिक झाली.

१६२० मध्ये शांप्लँ तिला क्वेबेकला घेऊन गेला. वस्ती जेमतेम साठेक माणसांची. राहत्या इमारतीची इतकी दुर्दशा झाली होती, की पाऊस सगळीकडून आत येई. तिथे एलेन मूळ रहिवाशांची अल्गोंक्वियन बोली शिकली आणि त्यांच्या मुलांना धर्मशिक्षण देऊ लागली. त्या काळच्या रीतीप्रमाणे ती कमरेला छोटा आरसा लावत असे. त्यात आपला चेहरा पाहून तिथले लोक कारण विचारत, तेव्हा ‘तुम्ही सदैव माझ्या हृदयाजवळ आहात’ असे ती सांगे, अशी आख्यायिका अर्सुलाइन या कॅथलिक जोगिणींच्या संघाच्या मठात जपली गेली. तिच्या मठप्रवेशानंतरच्या धार्मिक प्रतिमेचा रंग या कथेवर चढला असावा.

चार हिवाळे काढून ऑगस्ट १६२४ मध्ये तिने क्वेबेक सोडले. पुन्हा ती तिकडे गेली नाही. शांप्लँ २५ डिसेंबर १६३५ रोजी क्वेबेकमध्ये वारला. १६४५ मध्ये तिने पॅरिसच्या अर्सुलाइन मठात प्रवेश घेतला आणि १६४८ मध्ये मो या गावी नवा मठ स्थापन केला. तेथेच तिचा मृत्यू झाला.