लिग्गे की लेग्गे? नॉर्वेजियनमधलं पडणे-पाडणे

नॉर्वेजियन शिकणारा मराठी माणूस लिग्गे आणि लेग्गे या दोन क्रियापदांत अडकतो, कारण तो इंग्रजीच्या वाटेने जातो. इंग्रजीत 'ले' म्हणजे ठेवणे आणि 'लाय' (आडवं असणे) याचा भूतकाळही 'ले'च. मुळातच गोंधळलेली जोडी! तिच्या आधाराने तिसरी भाषा कशाला शिकायची? पडणे-पाडणे, मरणे-मारणे आपल्याला झोपेतही येतात.

लिग्गे म्हणजे आडवं असणं, लेग्गे म्हणजे आडवं करणं किंवा ठेवणं. सित्ते (बसणे) आणि सेत्ते (बसवणे) त्याच साच्यातले. हे तर संस्कृत सीदति-सादयति यांचे सख्खे भाऊबंद. संस्कृत प्रयोजकातला (दुसऱ्याकडून क्रिया घडवणाऱ्या रूपातला) 'अय' आणि जुन्या जर्मानिक भाषांतला (इंग्रजी, नॉर्वेजियन यांच्या कुळातला) 'य' हा मुळात एकच प्रत्यय.

खरी मेख भूतकाळात आहे. लिग्गेचा भूतकाळ 'लो', लेग्गेचा 'ला', आणि इथे भलेभले घसरतात. लेग्गेचं मूळ अंग 'लग्-य'. या 'य'ने आधीच्या 'अ'ला आपल्याकडे ओढून त्याचा 'ए' केला. भूतकाळात 'य'च्या जागी 'इ' होता. तो स्वराला हात लावायच्या आत गळाला, म्हणून जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेत, 'लग्धि' असं रूप उरलं. त्याचं झिजून झालेलं रूप म्हणजे आजचा 'ला'. गंमत अशी की जुन्या नॉर्समध्ये लिग्गेचा भूतकाळही 'ला' होता, पण दीर्घ स्वराचा. तो दीर्घ 'आ' पुढे 'ओ' झाला आणि 'ला'चा 'लो' झाला. तेव्हा आजचा 'ला' त्या जुन्या 'ला'चा वारस समजू नका.

वापरातला फास वेगळाच. 'रात्री दहाला आडवा झालो' इथे 'ला' हवा, कारण नॉर्वेजियन माणूस झोपायला जाताना स्वतःला आडवं करतो: 'लेग्गे साइ'. 'सकाळी दहापर्यंत लोळत होतो' इथे मात्र 'लो'. चुकलात तर फार खजील होऊ नका. पूर्व नॉर्वेत जन्मलेलेही सर्रास लिग्गेच्या जागी लेग्गे ठोकून देतात. मला ते कानाला खटकतं, ते सोडा.

आणि कृपा करून लेग्गेचा संबंध आपल्या 'लागणे'शी जोडू नका. संस्कृतातल्या 'ग'च्या जागी तिकडे 'क' येतो, 'ग' नव्हे: 'युग'चा नॉर्वेजियन भाऊ 'ओक', म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आपलं 'जू'ही 'युग'मधूनच आलं.