ब्रॅबहॅमची पंखेवाली गाडी

गाडी जड असली की वळणावर रस्ता घट्ट धरते, असा पक्का समज आहे. वजनाबरोबर घर्षण वाढतं हे खरं. पण गाडी वळवायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे पदरात काही पडत नाही. वस्तुमान तेवढंच ठेवून चाकांवरचा दाब वाढवला, तर मात्र फायदा होतो. ब्रॅबहॅम या फॉर्म्युला वन शर्यतींतल्या कंपनीनं पंखा लावून नेमकं हेच साधलं.

ऑस्ट्रेलियन रेसर जॅक ब्रॅबहॅम आणि डिझायनर रॉन टॉरनॅक यांनी इंग्लंडमध्ये 'मोटर रेसिंग डेव्हलपमेंट्स' काढली. पहिली गाडी 'एमआरडी'. ही अक्षरं फ्रेंचमध्ये म्हटली की शिवीसारखी ऐकू येतात हे कळल्यावर गाड्यांचं नाव 'ब्रॅबहॅम' झालं. मॉडेलच्या आकड्याआधी दोघांच्या आडनावांचं 'बीटी' लागलं. १९६६ मध्ये जॅक स्वतःच्या नावाच्या गाडीतून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही.

१९७८ पर्यंत कंपनी बर्नी एक्लस्टनकडे आली होती आणि डिझायनर होता गॉर्डन मरे. तेव्हा प्रतिस्पर्धी लोटस संघाची 'लोटस ७९' ही गाडी तळाखालच्या बोगद्यांतून हवा वेगानं नेऊन तिथला दाब कमी करत होती. ब्रॅबहॅमचं १२ सिलिंडरचं अल्फा रोमिओ इंजिन आडवं, रुंद. बोगद्यांना जागाच नाही. मरेनं बीटी४६बीच्या मागे मोठा पंखा बसवला आणि तळाखालची हवा उपसून काढली.

वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १ लाख न्यूटन असतो. समजा, तळाखाली तो फक्त १ टक्क्यानं उतरला आणि तळ ३ चौरस मीटरचा आहे. गाडीवर ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोचा भार येतो. गाडी ६०० किलोची असेल तर पकड दीडपट होते. वळणावरचा कमाल वेग पकडीच्या वर्गमुळानुसार वाढतो, म्हणून जिथे ताशी १०० किमी जमत होते तिथे आता १२२. मात्र कडेनं फट राहिली की बाहेरची हवा आत घुसते आणि सगळं फुकट जातं. म्हणून चहूबाजूंनी जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या लावाव्या लागतात. पंखा गिअरबॉक्सवरून फिरत असल्यानं पकड गाडीच्या वेगावर नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरायची. संथ वळणातही ती मिळे, पण घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर नेमकी तेव्हाच कमी होई.

साध्या गाडीच्या डिकीवरच्या स्पॉयलरचं असं नसतं. त्याचं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. शहरात ताशी ४० किमीला तो निव्वळ शोभेचा, जाहिरात काहीही म्हणो.

हवेचा दाब साधण्यासाठी हलते भाग वापरायला नियमानं बंदी होती. मरेनं रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवून पंखा मुख्यतः थंडाव्यासाठी असल्याचं दाखवलं. १७ जूनला स्वीडनमधल्या शर्यतीत ब्रॅबहॅमचा ड्रायव्हर निकी लाउडा या गाडीतून ३४ सेकंदांनी जिंकला. प्रतिस्पर्धी संघ खवळले आणि त्या एकाच शर्यतीनंतर गाडी मागे घेतली गेली. विजय मात्र कायम राहिला.